विजेची सायकल आणि पोदेराची सायकल

चढणीवर आपण जायचे आणि श्रम मात्र दुसऱ्याला पडायचे, ही सोय माणसाने फार पूर्वीच शोधून ठेवली आहे. पालखी, मेणा, डोली ही तिची आपल्याकडील नावे. गोव्यात पोर्तुगीज अमदानीत तिला मचिला म्हणत, आणि साहेब व पाद्री त्या मचिल्यात बसून भोयांच्या खांद्यावरून टेकड्या चढत. आजची सोय अधिक सुसंस्कृत आहे. सायकलीच्या चाकात एक लहानशी मोटर बसविलेली असते, दांड्यापाशी बॅटरी असते, आणि चढ लागला की पायडल मारणाऱ्याच्या पायांना ती गुपचूप हातभार लावते. स्वाराला आपण स्वतःच्याच बळावर चढलो असा अभिमान वाटतो, धाप मात्र लागत नाही. अभिमान आणि विश्रांती या दोन्ही गोष्टी एकाच वेळी मिळवून देणारी यंत्रे जगात फारशी नाहीत.

अशा सायकली पाहुण्यांच्या हाती द्याव्यात, पुढे एक वाटाड्या ठेवावा आणि गल्लीबोळांतून हिंडत ठिकठिकाणी थांबून तेथील पदार्थ त्यांना खाऊ घालावेत, हा धंदा सॅन फ्रान्सिस्को आणि लिस्बन यांसारख्या टेकड्यांवर वसलेल्या किनारी शहरांत चांगला रुजला आहे. आपल्या बाजूस या वर्णनात बसणारे शहर म्हणजे पणजी. मांडवीच्या मुखाशी वसलेले, पाठीशी आल्तिनोची टेकडी, तिच्या पायथ्याशी मळा आणि फोंतेन्यश यांच्या अरुंद गल्ल्या, आणि उतारावर एकमेकांना खेटून उभी असलेली पिवळी, निळी, तांबडी घरे. गोव्यात २०१८ साली ‘बी:लाइव्ह’ या उपक्रमाने विजेच्या सायकलींवरून वाटाड्यासह सफरी सुरू केल्या. तेव्हापासून सायकल, जुनी घरे आणि खाणे यांची सांगड घालणाऱ्या सफरी तेथील पर्यटनात ओळखीच्या झाल्या आहेत.

पणजीच्या या सुखवस्तू करमणुकीवर विदर्भातील पत्राने पहिल्या पानावर लिहावे, याचे काही वाचकांस नवल वाटेल. त्याला कारणे दोन आहेत. नागपूर, अमरावती, यवतमाळ येथील सुशिक्षित कुटुंबे सुटीत गोव्याला जातात आणि अशा सफरींचे गिऱ्हाईक म्हणजे पुष्कळदा आपणच असतो, हे एक. वर्धा जिल्ह्यातील पवनारपासून गोव्याच्या सीमेवरील पत्रादेवीपर्यंत सुमारे ८०२ किलोमीटरचा जो शक्तिपीठ महामार्ग प्रस्तावित झाला आणि ज्याला वाटेतील शेतकऱ्यांनी विरोध केला, त्याचे समर्थनही नागपूर आणि गोवा यांच्यातील प्रवासाचा वेळ कमी होईल याच शब्दांत केले गेले. दुसरे कारण असे की त्या सायकलीच्या बॅटरीचा माग काढीत गेले तर तो आपल्याच दाराशी येऊन थांबतो. त्याचा विचार पुढे करू.

आरंभीच सांगितले पाहिजे की आम्ही या सफरींचे विरोधक नाही. पर्यटक म्हटला की त्याची टिंगल करावयाची आणि नवे यंत्र म्हटले की नाक मुरडावयाचे, ही वृत्तपत्री सवय आम्हांस पसंत नाही. २५० वॅटपर्यंतची मोटर आणि ताशी २५ किलोमीटरपर्यंतचा वेग एवढी मर्यादा पाळणाऱ्या हलक्या विजेच्या सायकलीला आपला मोटार वाहन कायदा मोटार वाहन मानीत नाही. तिला नोंदणी लागत नाही आणि चालकाला परवानाही लागत नाही. ती धूर सोडीत नाही, गर्जना करीत नाही, फोंतेन्यशच्या गल्लीत अडकून पडत नाही. २०२४ साली गोव्याला सुमारे १ कोटी ४ लाख प्रवासी आले. २०११ च्या जनगणनेत त्या राज्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती. यजमानांच्या सहा-सातपट पाहुणे ज्या घरी येतात, तेथे पाहुण्यांनी भाड्याच्या मोटारी आणि स्कूटरी पिटाळण्याऐवजी सावकाश सायकली चालविल्या तर यजमानांनी आनंदच मानावा.

खाण्याच्या बाजूनेही असेच म्हणता येईल. किनाऱ्यावरील उपाहारगृहांनी गोव्याच्या नावाखाली पंजाबी रस्से आणि चिनी म्हणविल्या जाणाऱ्या शेवया विकण्याचा जो सपाटा लावला आहे, त्यापेक्षा सायकलवाला वाटाड्या पाहुण्याला पाटलभाजी-पावाच्या बाकावर नेऊन बसवितो, सायंकाळी गाड्यावर शागुतीच्या रश्शात बुडालेले रस-ऑम्लेट खाऊ घालतो, तोणाक म्हणजे काय आणि बिबिंक्याचा एकेक थर भाजावयास किती वेळ लागतो हे सांगतो. ही त्या संस्कृतीची सेवाच होय. चांगला वाटाड्या असेल तर तासाभरात तो जे शिकवितो ते आठवडाभर समुद्रात डुंबूनही कळत नाही.

मग आमची तक्रार काय? तक्रार एवढीच की चढाचे श्रम नाहीसे होत नाहीत, ते फक्त जागा बदलतात; आणि ते आता ज्याच्याकडे गेले आहेत त्याचे नाव या सफरीच्या हिशेबात कोठेच नाही.

प्रथम विजेचे पाहू. स्वार आणि सायकल मिळून शंभर किलो वजन धरले आणि ते शंभर मीटर उंचीवर केवळ मोटरने चढवावयाचे म्हटले, तर यंत्रातील आणि वाहिन्यांतील गळती धरून सुमारे पन्नास वॅट-तास वीज निर्माण करावी लागते. आपल्याकडे एक युनिट वीज करावयास साधारणपणे सहाशे ते सातशे ग्रॅम कोळसा जळतो. म्हणजे एका चढाला तीस-चाळीस ग्रॅम, मुठीत सहज मावेल एवढा कोळसा. एरवी पेट्रोल जाळणाऱ्या स्कूटरशी तुलना केली तर हा हिशेब सायकलीच्याच बाजूने जातो, आणि तो आम्ही लपवू इच्छीत नाही. तथापि मूठभर का होईना, तो कोळसा कोठून तरी आला आहे.

यवतमाळ जिल्ह्यातील वणी तालुक्यात राजूर नावाचे गाव आहे. पुष्कळांना ते राजूर कॉलरी याच नावाने ठाऊक आहे. गावाखाली कोळसा आणि चुनखडी, आणि गावावर त्या दोहोंची धूळ. १९७३ साली कोळसा खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, १९७५ साली नागपुरात मुख्यालय असलेली वेस्टर्न कोलफील्ड्स ही कंपनी स्थापन झाली, आणि राजूरच्या आसपास उकणी, नीलजई, मुंगोली अशा उघड्या खाणी वर्धा नदीच्या खोऱ्यात पसरत गेल्या. काळ्या मातीच्या कापसाच्या तालुक्यात मातीचे काळे डोंगर उभे राहिले. त्या डोंगरांवर कोणी सहल काढीत नाही. या खोऱ्यातील कोळशावर चंद्रपूरचे २,९२० मेगावॅटचे महाऔष्णिक केंद्र धडधडते आणि त्याची वीज आपल्या घरांप्रमाणेच पश्चिम भारताच्या सामाईक जाळ्यात मिसळते. गोव्याकडे स्वतःचे असे मोठे औष्णिक केंद्र नाही. तेथील वीज मुख्यत्वे केंद्रीय वाट्यातून येते आणि त्या वाट्यात कोळशाचा भाग मोठा आहे. राजूरचा नेमका कोणता खडा पणजीच्या कोणत्या बॅटरीत गेला हे कोणीही सांगू शकणार नाही. जाळ्यातील विजेवर गावाचे नाव लिहिलेले नसते. परंतु नाव लिहिलेले नसते म्हणून तर ते विसरणे सोपे जाते! पणजीत ज्याला ‘स्वच्छ प्रवास’ म्हणतात त्याची काजळी झाडण्याचे काम वणी-घुग्घूसच्या रस्त्याकडेच्या घरांत रोज चालू असते.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. खाणींच्या बाबतीत आपल्या कायद्याने निदान तत्त्व तरी मान्य केले आहे. २०१५ साली खनिज कायद्यात दुरुस्ती होऊन जिल्हा खनिज प्रतिष्ठाने निघाली. खाणचालकाने स्वामित्वधनाबरोबर आणखी ठरावीक हिस्सा द्यावयाचा आणि तो खाणीची झळ बसलेल्या गावांच्या पाण्यावर, आरोग्यावर, शाळांवर खर्च व्हावयाचा, अशी ती योजना आहे. तो पैसा प्रत्यक्षात किती ठिकाणी रस्त्यांच्या फरशीत आणि प्रवेशद्वारांच्या कमानीत मुरतो, हा स्वतंत्र अग्रलेखाचा विषय आहे. पण जेथून घेतले तेथे वाटा पोहोचला पाहिजे, हे तत्त्व कागदावर आले एवढे खरे. कोळशाला जे लागू, ते पावाला का असू नये?

पावाचा उल्लेख आम्ही मुद्दाम करतो, कारण या सफरींचा खरा नायक वाटाड्या नव्हे, पोदेर आहे. पोदेर म्हणजे गोव्याचा पाववाला. शब्द पोर्तुगीज आहे आणि पावही पोर्तुगिजांबरोबरच आला. सोळाव्या शतकात पाद्र्यांनी ही विद्या आणली, आणि सासष्टीतील माजोर्ड्याचे लोक ती प्रथम शिकले असे परंपरा सांगते. यीस्ट नव्हते, तेव्हा माडाची सूर पिठात घालून ते आंबविले गेले. परक्याने आणलेली वस्तू गावच्या माडाने आपलीशी केली, असे उदाहरण आपल्या खाद्येतिहासात विरळाच सापडेल. पुढे त्या एका पावाचे कुटुंब झाले. चौकोनी मऊ पाव, कडक पाठीचा उंडो, कोंड्याची पोकळ पोई, फुलपाखरासारखा कातरलेला कातरो, बांगडीसारखे काकण. मधुमेह्याने पोई खावी, काकण चहात बुडवावे आणि उंडो भाजीबरोबर खावा, याबाबत गोमंतकीय माणूस जितका काटेकोर असतो तितका तो राजकारणातही नसतो.

या सगळ्यामागे एक दिनक्रम आहे. सायंकाळी पीठ मळावयाचे, रात्री ते फुगू द्यावयाचे, मध्यरात्र उलटली की लाकडाची भट्टी पेटवावयाची, तीच्या तोंडाशी उभे राहून पहाटेपर्यंत लांब दांड्याच्या फळीने पाव आत सारावयाचे आणि बाहेर काढावयाचे. आणि सूर्य उगवण्यापूर्वी बांबूची मोठी टोपली सायकलीच्या मागे बांधून, रबरी भोंग्याचा पों-पों आवाज करीत दारोदार फिरावयाचे. दुपारनंतर पुन्हा तेच. काही पोदेर आता मोटरसायकल वापरतात, पण पायडल मारणारा पोदेर अजून दिसतो, आणि त्याच्या टोपलीसह भरलेली सायकल आल्तिनोच्या चढावर ढकलावीच लागते. जुन्या पोदेर घराण्यांतील मुलांना हे जिणे नको आहे. कोणी परदेशी गेला, कोणी बोटीवर लागला, आणि कित्येक भट्ट्या आज कर्नाटकातून आलेल्या कारागिरांच्या हातात आहेत. त्यांना त्यासाठी दोष देणारे लोक आम्हांस मुळीच पटत नाहीत. परंपरा जन्माने चालत नाही, पहाटे तीन वाजता उठणाऱ्यामुळे चालते. आणि पावाच्या दरात एका रुपयाची वाढ करावयाची म्हटली की सगळ्या राज्यात गहजब होतो, सरकारला त्यात लक्ष घालावे लागते. लाकूड महागले, मैदा महागला, मजुरी वाढली, तरी पाव स्वस्तच राहिला पाहिजे, असा सर्वांचा आग्रह असतो.

आता हे दृश्य डोळ्यांपुढे आणा. सकाळी विजेच्या सायकलींचा ताफा भट्टीपाशी येऊन थांबतो. वाटाड्या इतिहास सांगतो, पाहुणे भट्टीचे फोटो घेतात, गरम पाव मोडून हातोहात वाटला जातो, सर्वजण माना डोलावतात आणि ताफा पुढच्या थांब्याकडे निघतो. सफरीचे शुल्क माणशी शेकड्यांत किंवा हजारांत असते. खाल्लेल्या पावाची किंमत अजून रुपयांतच मोजली जाते. रात्रभर जागलेल्या माणसाचा या व्यवहारातील वाटा त्या दोन-चार पावांच्या किमतीएवढा. त्याची भट्टी हे सफरीचे नाटकगृह, तो स्वतः त्यातील पात्र, आणि तिकिटाचे पैसे दुसऱ्याच्या खिडकीवर. शिवाय ज्याला हा चढ वर्षातून एक सकाळ चढावयाचा आहे त्याच्या सायकलीला मोटर आहे, आणि ज्याला तो रोज दोन वेळा चढावयाचा आहे त्याच्या सायकलीला नाही. ही विसंगती ज्याला बोचत नाही त्याने गोव्याच्या खाद्यसंस्कृतीविषयी गहिवरून बोलू नये.

रस-ऑम्लेटच्या गाड्यांची गोष्ट वेगळी पण जातकुळी तीच. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा कायदा २०१४ साली संमत झाला. शहर विक्रेता समितीत किमान ४० टक्के प्रतिनिधी विक्रेत्यांनी निवडलेले असावेत, पाहणी करून विक्रेत्यांना प्रमाणपत्रे द्यावीत, आणि ही पाहणी होईपर्यंत कोणाला हुसकावू नये, असे तो सांगतो. या कायद्याची वाट आपल्या शहरांनी कशी लावली आहे हे मुंबई-नागपूरच्या वाचकास सांगावयास नको. एका खात्याने ज्या गाड्याची छायाचित्रे पर्यटनाच्या पुस्तिकेत छापावयाची, त्याच गाड्याला दुसऱ्या खात्याने अतिक्रमण म्हणून उचलून न्यावयाचे, हा प्रकार आपल्याकडे इतका रूढ आहे की त्यातील विनोदही कोणास जाणवेनासा झाला आहे.

आणि फोंतेन्यशचे रहिवासी? त्यांच्या खिडक्यांचे रंग, त्यांचे ओटे, त्यांची मांजरे, सगळे काही प्रवाशांच्या छायाचित्रांत जाते. घरात आजारी माणूस झोपला आहे की काय याचा विचार ओट्यावर चढून फोटो काढून घेणारा करीत नाही. कित्येक घरांवर शेवटी ‘फोटो काढू नका’ अशा पाट्या लागल्या. लिस्बनमध्ये प्रवाशांना टेकड्यांवर नेणाऱ्या तीनचाकी ‘टुकटुक’ गाड्यांचा उपद्रव इतका वाढला की २०२५ साली त्या नगरपालिकेला अनेक रस्त्यांवर त्यांना बंदी करावी लागली. विजेची सायकल टुकटुकपेक्षा शहाणी आहे. पण शहाण्यांचीही संख्या वाढली की गर्दीच होते.

या सर्वांवर उपाय दूर शोधावयास नको. मुंबईच्या धारावीत २००५ साली सुरू झालेल्या ‘रिॲलिटी टूर्स’ या संस्थेने वस्तीतून प्रवासी नेताना दोन नियम स्वतःवर घालून घेतले. वस्तीत छायाचित्रे घ्यावयाची नाहीत, आणि नफ्यातील ८० टक्के भाग वस्तीतील शिक्षणादी कामांसाठी द्यावयाचा. गरिबीचे प्रदर्शन मांडले म्हणून त्या सफरींवर टीका झाली, आजही होते, आणि ती सर्वस्वी निराधार नाही. पण धारावीत जे नियम धंद्याला पेलले ते पणजीत पेलणार नाहीत, असे म्हणण्यास आधार काय?

दुसरे उदाहरण त्याहून बोलके आहे. माथेरानच्या तांबड्या चढावर माणसाने माणसाला ओढण्याची हातरिक्षा स्वातंत्र्यानंतरही पाऊण शतक टिकून होती. ६ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती प्रथा अमानुष ठरवून सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश दिला. त्या पीठाचे अध्यक्ष तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई हे आपल्या अमरावतीचे, याचा आम्हांस अभिमान आहेच. पण त्या निकालातील खरी नजर दुसऱ्याच ठिकाणी दिसते. हातरिक्षा बंद करून न्यायालय थांबले नाही. ती ओढणाऱ्यांच्याच हाती विजेच्या रिक्षा याव्यात, त्यासाठी राज्याने योजना करावी, आणि पैसा नाही ही सबब चालणार नाही, असेही त्याने बजावले. श्रम ज्याचे, यंत्र प्रथम त्याला, हा तो न्याय होय.

सरकारी धोरण नेमके याच्या उलट चालले आहे. केंद्राने २०२४ साली काढलेल्या ‘पीएम ई-ड्राइव्ह’ योजनेत विजेच्या दुचाकींना सवलत ठेवली, पण ती नोंदणी होणाऱ्या वाहनांना. ज्या सायकलीला कायद्याने कृपाळूपणे नोंदणीतून मोकळे केले, तीच त्यामुळे सवलतीतूनही मोकळी झाली! श्रीमंताच्या स्कूटरीला हातभार आणि पोदेराच्या, पोस्टमनच्या, दूधवाल्याच्या सायकलीला शुभेच्छा. हे अपरिहार्य नव्हते. दिल्ली सरकारने २०२२ साली विजेच्या पहिल्या १० हजार सायकलींना साडेपाच हजार रुपयांपर्यंत आणि माल वाहणाऱ्या पहिल्या ५ हजार सायकलींना १५ हजार रुपयांपर्यंत साहाय्य जाहीर केले होते. दिल्ली सपाट आहे. पणजी, रत्नागिरी, मालवण येथे तर चढच चढ आहेत.

गोवा सरकारला आमची सूचना साधी आहे. खाद्यसफरीला परवानगी देताना तिच्या चालकाकडून थांब्यांची यादी घ्यावी, आणि प्रत्येक थांब्यावरील पोदेर, गाडेवाला किंवा घरगुती पदार्थ करणारी बाई यांना माणशी किती रक्कम मिळणार हे शुल्काच्या पावतीवर छापावयास लावावे. हा आकडा एकदा छापला गेला की तो किती असावा याची काळजी पाहुणेच घेतील. गाड्यावर थांबा ठेवावयाचा असेल तर त्या गाड्याला आधी २०१४ च्या कायद्याखालील प्रमाणपत्र मिळावे. एका वेळी गल्लीत किती सायकली याव्यात हे फोंतेन्यश आणि मळा येथील रहिवाशांना विचारून ठरवावे, पर्यटन खात्याच्या बैठकीत नव्हे. आणि या सफरींच्या शुल्कातील लहानसा भाग पणजीतील पोदेरांना विजेच्या सायकली देण्यासाठी वेगळा काढावा. त्यांची संख्या आता एवढी उरली नाही की राज्याच्या तिजोरीवर त्याचा भार पडावा.

आपल्या वाचकांपैकी जे येत्या हंगामात गोव्यास जातील त्यांनी सायकलीवर जरूर बसावे. भट्टीपाशी थांबल्यावर मात्र वाटाड्याला एक प्रश्न विचारावा: या माणसाला आमच्या पैशांतून किती मिळाले? उत्तर आले नाही तर डझनभर पोया, उंडे आणि काकणे रोख देऊन विकत घ्यावीत. बॅटरी आहे, ओझे जाणवणार नाही. आणि परतल्यावर राजूरच्या बाजूने कधी जाणे झालेच, तर मोटारीची काच खाली करून पाहावी.